घरची मल्टी-जिम: जोडणीपासून केबल बदलण्यापर्यंत

मल्टी-जिम पाहायला आलेल्याची नजर आधी वजनाच्या पाट्यांवर जाते. किती किलो आहे, हाच पहिला प्रश्न. वापरणाऱ्याच्या डोक्यात मात्र काही आठवड्यांतच पाट्या मागे पडतात आणि केबल पुढे येते. पाट्यांना सहसा काही होत नाही. यंत्र जड चालतं, वजन निवडायची पिन बसत नाही, वजन अडखळत उतरतं, कुठेतरी कुरकुर ऐकू येते, ही सगळी दुखणी बहुतेक वेळा केबलच्या वाटेवर सापडतात. म्हणून इथेही त्याच वाटेने जायचं आहे.

यंत्र कोणतं, ते आधी सांगायला हवं. चौकोनी पाइपचा सांगाडा, मागे दोन उभ्या गाइड रॉडवर सरकणाऱ्या पाट्या, वर लॅट पुलडाउनचा, म्हणजे पाठीसाठी वरून खाली ओढायचा बार, समोर छातीसाठी ढकलायचे दांडे, त्यांनाच जोडलेले, छातीसमोर मिटायचे बटरफ्लायचे हात, सीटखाली पायाचा लिव्हर आणि तळाशी खालची पुली. स्टॅक, म्हणजे पाट्यांची सगळी चळत, ६५ ते १०० किलोचा. रबरी पट्ट्यांची किंवा वाकणाऱ्या सळ्यांची यंत्रंही घरात येतात. ती हलकी असतात, आवाज करत नाहीत, पण ताणाल तसा त्यांचा जोर वाढत जातो, त्यामुळे सुरुवातीला पोकळ आणि शेवटी अडल्यासारखं वाटतं. भिंतीवर बसणारी मोटरची यंत्रं हा निराळाच विषय. मला पाट्यांचं यंत्र आवडतं, कारण त्यात जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि पान्याने दुरुस्त होतं.

जागा मोजताना जमिनीवरचा चौकोन मोजून थांबू नये. यंत्र स्वतः सुमारे दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच असतं. पण खालच्या पुलीवर बसून रोइंग, म्हणजे वल्हं मारल्यासारखं ओढणं, करायचं तर समोर आणखी किमान एक मीटर मोकळा लागतो. बटरफ्लायचे हात उघडले की दोन्ही बाजूंना हातभर जागा जाते. आणि मागे, स्टॅकपाशी, फडकं घेऊन माणूस वाकू शकेल एवढी अर्धा मीटर तरी सोडावी. हीच जागा सगळ्यात आधी खाल्ली जाते. यंत्र भिंतीला टेकवलं जातं, मग गाइड रॉड पुसायला कोणी फिरकत नाही.

मजल्याची काळजी लोक जरा जास्तच करतात. सांगाडा आणि स्टॅक मिळून १३० ते १८० किलो, त्यावर बसणारा माणूस. हा भार दोनेक चौरस मीटरवर पसरतो, आणि राहत्या घरांचे मजले साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो धरून आखलेले असतात. फरशीला तडा जातो तो एकूण भाराने नव्हे, पायाच्या टोकाखाली एकवटलेल्या भाराने. आठ-दहा मिलिमीटर जाडीची कडक रबरी चटई पुरते. एकमेकांत अडकणाऱ्या मऊ फोमच्या चौकटी मात्र नकोत. त्या एका बाजूला दबतात, सांगाडा कलतो, त्याबरोबर गाइड रॉड कलतात, आणि मग पाट्या घासत वर जातात.

आता जोडणी. दोन माणसं आणि चार ते सहा तास धरावेत. पाने लागतात ते बोल्टच्या मापाप्रमाणे: एम-८ ला १३ चा, एम-१० ला १७ चा, एम-१२ ला १९ चा. काही बोल्टांची डोकी थोडी लहान, १६ आणि १८ ची असतात, म्हणून तेही जवळ असावेत. प्रत्येक मापाचे दोन पाने हवेत. एक बोल्टचं डोकं धरायला, दुसरा नट फिरवायला. यंत्राबरोबर पत्र्याचा कापलेला जो चपटा पाना येतो, तो नटांचे कोपरे गोल करण्यापलीकडे फारसं काही करत नाही.

पहिला नियम असा की सांगाड्याचा एकही बोल्ट सुरुवातीला आवळायचा नाही. सगळे हाताने फिरतील तेवढेच फिरवायचे, तळपट्टी, उभे खांब, वरची पट्टी, सीटचा खांब सगळं उभं करायचं, यंत्र हलवून काटकोनात बसू द्यायचं आणि मगच खालून वर आवळत जायचं. एक कोपरा आधीच घट्ट केला तर शेवटच्या कोपऱ्यात भोकं पाच मिलिमीटरने चुकतात, आणि मग हातोडी बाहेर निघते. ती निघाली की समजावं, चूक तिथे नाही, तासाभरापूर्वी कुठेतरी झालेली आहे.

नट बहुतेक नायलॉकचे असतात, म्हणजे आतल्या कडेला नायलॉनचं कडं असलेले. ते हाताने अर्ध्यावर जाऊन अडतात आणि नवखा माणूस आटा चुकला समजून उलटा फिरवतो. आटा बरोबरच असतो, पुढे पान्यानेच जायचं असतं. बोल्टचे एक-दोन आटे नटाच्या बाहेर दिसायला हवेत, नाहीतर नायलॉनने पकड घेतलेलीच नसते. आवळायचं किती? वीस सेंटीमीटर लांबीच्या पान्याला एका हाताने दम लावून जिथे थांबेल तिथे थांबावं. पाइप दोन मिलिमीटर पत्र्याचा असतो. त्यावर पाय देऊन आवळलं तर पाइपच आत दबतो, आणि दबलेल्या पाइपवरचा बोल्ट पुढे सैल होत राहतो.

पाट्या चढवायच्या आधी गाइड रॉडच्या तळाशी रबरी बफर घालायचे असतात. ही गोष्ट आठवते ती पंधरावी पाटी चढवल्यावर. मग पंधराच्या पंधरा उतरवाव्या लागतात. म्हणून बफर आधी खोक्यातून काढून रॉडशेजारीच ठेवावेत. पाटीची पिनची खाच समोर येईल अशीच प्रत्येक पाटी घालायची. मधल्या सिलेक्टर रॉडची, म्हणजे पिन जिच्यात अडकते त्या सळईची, भोकंही समोरच हवीत. गाइड रॉडचे वरचे बोल्ट सगळ्यात शेवटी आवळायचे, आणि तेही वरची पाटी हाताने पूर्ण वर-खाली दहा वेळा सरकवून. ती कुठेही न अडता सरकली म्हणजे रॉड समांतर आहेत. मगच पाना लावायचा.

केबलचं काम यानंतर, आणि खरा वेळ इथे जातो. बहुतेक यंत्रांत दोन किंवा तीन केबली असतात: वरची, खालची आणि छातीच्या दांड्यांची. प्रत्येकीच्या एका टोकाला गोळी आणि रबरी अडसर, दुसऱ्या टोकाला आट्यांचा बोल्ट, दुसरी गोळी किंवा कडी असते. पॅकिंगमधून काढल्या की जमिनीवर लांब पसरवून ठेवाव्यात, लांबी मोजून त्यांच्यावर कागदी टेपने नावं लिहावीत. दोन केबलींच्या लांबीत वीतभरच फरक असला आणि त्या अदलाबदल झाल्या, तर जोडणी पूर्ण होईपर्यंत काहीच कळत नाही. शेवटी एक केबल पोचत नाही आणि दुसरी लोंबते.

केबल पुलीवर घालताना ती पुलीच्या खोबणीत आणि अडवणीच्या आतल्या बाजूला असली पाहिजे. अडवणी म्हणजे पुलीच्या कडेला असलेली छोटी सळई किंवा पत्र्याचा कान, जो ढिली पडलेली केबल खोबणीबाहेर जाऊ देत नाही. केबल अडवणीच्या बाहेरून गेली तरी यंत्र चालतं. पण घासत चालतं, आणि महिन्याभरात तिथलं प्लास्टिकचं आवरण सोलून निघतं. पुलीच्या दोन्ही बाजूंना बुशिंग म्हणजे छोटी कडी असतात, ती विसरली तर ब्रॅकेटचा पत्रा पुलीच्या अंगाला लागतो. तपासायची सोपी रीत अशी: बोल्ट पूर्ण आवळल्यावर पुलीला बोटाने झटका द्यावा. चार-पाच फेरे मोकळे फिरायला हवेत. फिरत नसेल तर बोल्ट सैल करणं हा इलाज नव्हे, बुशिंग शोधावं.

मध्ये लटकणारा दोन पुल्यांचा ब्रॅकेट, म्हणजे एक पुली वर आणि एक खाली, हा पुष्कळ जणांकडून उलटा बसतो. त्याला तीन-चार भोकं मुद्दाम दिलेली असतात. ढील कमी-जास्त करायला पहिला उपाय तोच.

ढील ही या यंत्राची नाडी. केबल फार घट्ट असेल तर स्टॅकवरची पहिली पाटी दोन-चार मिलिमीटर उचललेली राहते, सिलेक्टर रॉडची भोकं पाट्यांच्या खाचांशी जुळत नाहीत आणि पिन जात नाही. लोक पिन ठोकून घालतात. फार ढिली असेल तर बार ओढताना पहिले दहा सेंटीमीटर हाताला काहीच लागत नाही, आणि वजन खाली टेकताच केबल लोंबून पुलीबाहेर निसटते. नेमकी ढील अशी असते की पाट्या सगळ्या खाली बसलेल्या, पिन बोटाच्या जोराने सहज जाते, आणि बारला हात लावून एक-दोन सेंटीमीटर ओढताच पाटी हलते. बारीक फेरफार करायचा तो सिलेक्टर रॉडच्या माथ्यावरच्या आट्याच्या बोल्टने. तो फिरवून झाला की त्यावरचा लॉकनट परत आवळायचाच, आणि किमान बारा-तेरा मिलिमीटर आटा आत राहिलाच पाहिजे. या बोल्टवर सगळं वजन लटकतं. दोन आट्यांवर लटकलेला बोल्ट एक दिवस वर निघून येतो आणि आख्खा स्टॅक खाली आदळतो.

नवी केबल पहिल्या काही आठवड्यांत थोडी लांबते. तारा पिळात घट्ट बसतात, आवरण पुल्यांवर दबतं. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांनी एकदा आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा ढील पाहावी. त्याच वेळी सगळ्या नटांवरून एकदा पाना फिरवून घ्यावा. यात अर्धा तास जातो.

यंत्र चालू झालं की पहिला धक्का आकड्यांचा बसतो. पाटीवर ५० लिहिलंय आणि हाताला २५ लागतंय, किंवा उलट, व्यायामशाळेत सहज उचलला जाणारा आकडा इथे हलतच नाही. यात फसवणूक नाही, चल कप्पीचं शाळेतलं गणित आहे. वजन चल पुलीला लटकलं असेल तर ते केबलच्या दोन पदरांत वाटलं जातं, हाताला निम्मं येतं, आणि मोबदल्यात हात दुप्पट अंतर चालतो. एकाच यंत्रात लॅटच्या बारला एक गुणोत्तर आणि छातीच्या दांड्यांना दुसरं, असं असू शकतं. पाहायचं असेल तर मोजपट्टी घ्यावी. बार साठ सेंटीमीटर ओढला आणि पाट्या तीसच सेंटीमीटर चढल्या, म्हणजे निम्मं वजन.

याहून नेमकं हवं असेल तर प्रवासाचं सामान तोलायचा लटकता काटा कामाला येतो. बार काढून त्या जागी काटा अडकवावा, पिन वीस-तीस किलोवर ठेवावी आणि अगदी सावकाश, एकसारखं ओढत आकडा वाचावा. मग तसंच सावकाश सोडताना वाचावा. ओढतानाचा आकडा नेहमी जास्त येतो, सोडतानाचा कमी. दोन्हींची सरासरी म्हणजे खरं वजन, आणि दोन्हींतल्या फरकाचा निम्मा भाग म्हणजे पुल्या आणि रॉडचं घर्षण. हा आकडा पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तोच प्रयोग करून फरक वाढलेला दिसला, तर काहीतरी कोरडं पडलंय किंवा एखादी पुली अडते आहे, हे कान आणि हात सांगायच्या आधी काटा सांगतो.

पायाच्या लिव्हरला मात्र असा एक आकडा नसतोच. पाय सरळ होत जातो तसा केबलचा लिव्हरशी कोन बदलतो आणि जोरही बदलतो. १९७० मध्ये आर्थर जोन्स यांनी नॉटिलस नावाची व्यायामयंत्रं आणली ती याच प्रश्नावर. गोल पुलीच्या जागी त्यांनी शंखासारखी वळणदार चकती, म्हणजे कॅम घातला, जेणेकरून स्नायूचा जोर जिथे जास्त तिथे वजनही जास्त लागावं. नॉटिलस हे नावही त्या शंखातल्या समुद्री जीवाचंच. घरच्या यंत्रांत खरा कॅम क्वचित मिळतो. म्हणून लेग एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे बसून लिव्हरने पाय सरळ करताना, एका टप्प्यावर वजन एकदम हलकं किंवा एकदम भारी वाटलं तर ती आपली कमजोरी समजू नये.

सीट आणि टेकूंची मापं हा भाग लोक पाच मिनिटांत उरकतात, आणि खांदे-गुडघे पुढे महिनोन्‌महिने त्याची किंमत देतात. छातीचे दांडे छातीच्या मध्यावर यायला हवेत. खांद्याच्या पातळीवर आले तर सीट खाली आहे, वर घ्यावी. सुरुवातीलाच कोपर पाठीच्या फार मागे खेचलं जात असेल तर पाठीमागे एक घट्ट उशी द्यावी, घरच्या यंत्रात दांड्यांचा आरंभबिंदू बदलायची सोय बहुधा नसते. कोपरं खांद्याच्या रेषेत पसरू नयेत, अंगापासून ४५ ते ६० अंशांत ठेवावीत.

लेग एक्स्टेन्शनला एकच गोष्ट पाहायची: लिव्हर ज्या बोल्टभोवती फिरतो तो बोल्ट आणि गुडघ्याचा सांधा एका रेषेत. बाजूला कोणालातरी उभं करून पाहून घ्यावं, बसल्या जागेवरून ते दिसत नाही. उंची कमी असेल तर मांडी सीटच्या कडेपर्यंत पोचत नाही आणि गुडघा बोल्टच्या मागे राहतो. तिथेही पाठीमागची उशीच उपयोगी. फोमचा रोल घोट्याच्या जरा वर, पावलावर नाही.

लॅट पुलडाउनमध्ये बार छातीच्या वरच्या भागाकडे आणायचा, मानेमागे नाही. मांडीवरचे रोल मांडीला टेकलेले हवेत, नाहीतर वजन वाढलं की माणूसच वर जातो. हात पूर्ण वर ताणलेले असताना पाट्या टेकलेल्या असतील तर बार आणि केबलमधल्या साखळीची दोन-तीन कड्यांनी लांबी कमी करावी. त्या अवस्थेत पाट्या दोन-तीन सेंटीमीटर उचललेल्या असल्या म्हणजे स्नायूवरचा ताण तुटत नाही. साखळी हे फुकटात मिळालेलं सगळ्यात उपयोगी अवजार आहे आणि कित्येक घरांत ते खोक्यातच राहतं.

या यंत्रांची कच्ची बाजू म्हणजे नितंब आणि मांडीचा मागचा भाग. लेग एक्स्टेन्शन मांडीच्या पुढच्या भागापुरतं. खालच्या पुलीला दोरीचं हँडल लावून, पुलीकडे पाठ करून, पायांमधून दोरी धरायची आणि कमरेतून वाकून उठायचं, हा व्यायाम ती उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. जोडीला साध्या बैठका आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूगटांचा व्यायाम सांगतात. छाती, रोइंग, पुलडाउन, पायांचे दोन आणि एखादा खांद्याचा, असे सहा प्रकार, प्रत्येकी दोन-तीन सेट, हे एका बैठकीत चाळीस-पन्नास मिनिटांत होतं. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो, त्यामुळे ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पिन हलवावी.

वजन वाढवायची पायरी हा पाट्यांच्या यंत्राचा जुना खोट. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनची शिफारस एका वेळी दोन ते दहा टक्के वाढीची आहे. ६० किलोवर एक पाच किलोची पाटी म्हणजे आठ टक्के, ठीक. पण वीस किलोवर तीच पाटी पंचवीस टक्के होते, आणि खांद्याच्या किंवा दंडाच्या व्यायामात तिथेच गाडी अडते. उपाय दोन. एक, आठ ते बारा आवर्तनांचं लक्ष्य पंधरापर्यंत वाढवून मगच पाटी वाढवायची. दुसरा, सव्वा किंवा अडीच किलोचं जोडवजन वरच्या पाटीवर ठेवायचं. ते घसरणार नाही असं, मधल्या रॉडला अडकणारं हवं. नुसतं टेकवलेलं डंबेल नको. शिवाय जिथे निम्म्याचं गुणोत्तर आहे तिथे पाच किलोची पाटी अडीचचीच वाढ देते. त्या आकड्यांवर वैतागणाऱ्यांना हा फायदा उशिरा कळतो.

उतरवताना दोन-तीन सेकंद घ्यावेत. पाट्या आदळल्याने स्नायूचं अर्धं काम बुडतं ते वेगळंच, पण प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या पाट्या असतील तर त्या आतून फुटतात आणि हलवल्या की खुळखुळतात. फुटलेली पाटी चिकटवू नये, बदलावी.

आवाजांची भाषा लवकर येते. चीं-चीं असा लांब आवाज वर जाताना आणि येताना सारखाच असेल तर गाइड रॉड कोरडे आहेत. प्रत्येक आवर्तनात एकाच ठिकाणी टक् होत असेल तर केबलवर फुगवटा आहे किंवा एखादी पुली एका जागी सपाट झाली आहे. घरघर म्हणजे बेअरिंग. पाट्या तिरक्या होऊन घासत असतील तर आधी पिन पाहावी, ती अर्धीच गेलेली असते. आणि एक आवाज धोक्याचा: पिनच्या खालची पाटी वरच्या पाटीला चिकटून वर येते आणि मध्येच सुटून धप्पकन पडते. नव्या रंगाच्या पाट्यांत किंवा दमट हवेत असं होतं. अशा वेळी बोट घालून पाटी सुटी करायला जाऊ नये. सगळा स्टॅक खाली बसवावा, पिन काढावी, कडेला रबरी हातोड्याने हलकेच टिचकी मारावी, मग पाट्या वेगळ्या करून चिकटणारे भाग पुसून कोरडे करावेत.

स्टॅक मध्येच अडकून वर राहिला असेल तर त्याहून सावध राहायला हवं. वरची पाटी रॉडवर अडकलेली आणि केबल ढिली, म्हणजे ती कधीही पडू शकते. खालच्या फटीत लाकडी ठोकळा घालायचा, दुसऱ्या माणसाने बार धरून केबल ताणलेली ठेवायची आणि मग रॉडवर सिलिकॉन मारून पाटी सोडवायची. घरात लहान मुलं असतील तर व्यायाम संपल्यावर पिन काढून उंचावर ठेवावी. पिन हरवली म्हणून खिळा किंवा बोल्ट घालणं तर अजिबात नको. तो वाकतो किंवा झटक्याने बाहेर येतो. एक जादा पिन पहिल्याच दिवशी मागवून ठेवावी, भोकाचा व्यास मोजून.

देखभाल थोडकी आहे. गाइड रॉड महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसायचे आणि फडक्यावरच सिलिकॉन स्प्रे मारून ते फडकं रॉडवरून फिरवायचं. गंज सोडवायचा पातळ तेलाचा फवारा इथे चालत नाही, तो उडून जातो आणि उरलेलं वंगणही धुऊन नेतो. ग्रीस लावलं तर धूळ चिकटून काळा लेप तयार होतो. सीटवरचा घाम लगेच पुसायचा, आठवड्याला सौम्य साबणाचं पाणी. स्पिरिटने रेक्झिन कडक होऊन शिवणीपाशी तडकतं.

आणि केबल. सहसा तिच्या गाभ्यात सात पदर, प्रत्येक पदरात एकोणीस बारीक तारा असतात, म्हणजे एकूण १३३. गाभा ३.२ मिलिमीटरचा असेल तर तिची तुटण्याची मर्यादा सुमारे ९०० किलो. मग पन्नास-साठ किलोवर ती तुटते कशी? भाराने नाही, वाकण्याने. लहान पुलीवरून हजारो वेळा वाकून सरळ होताना एकेक बारीक तार थकून तुटते. आवरणाला चीर गेली की घाम आत शिरतो आणि गंज उरलेलं काम करतो. सगळ्यात जास्त हे घडतं टोकांपाशी, गोळीच्या किंवा कडीच्या जवळच्या पाच-सहा सेंटीमीटरमध्ये, कारण तिथे ताठ टोक संपून लवचीक केबल सुरू होते. म्हणून तपासणी मधून नाही, टोकांपासून सुरू करावी, रबरी अडसर मागे सरकवून. आवरण तडकलं असेल, आतली तार दिसत असेल, कुठे फुगवटा असेल किंवा केबल कडक होऊन वाकडी राहत असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही. हात फिरवायचा तो जाड हातमोजा घालून. तुटलेली तार गळासारखी बोटात शिरते. लॅटची केबल विशेष जपावी. ती तुटली तर बार डोक्यावर येतो.

बदलायची झाली तर जुनी केबल सरळ ताणून मोजावी, गोळीच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या मध्यापर्यंत. आवरणासकट व्यास व्हर्नियरने घ्यावा, टोकांचे फोटो काढावेत. जाड केबल जास्त टिकेल असं वाटतं, पण ती पुलीच्या खोबणीत नीट बसत नाही आणि कडेवर चढून सोलते. साध्या तारेला यू-क्लिपा लावून घरी टोक तयार करण्याचा मोह टाळावा. क्लिपा पुलीत अडकतात आणि सैल होतात, टोक कारखान्यात दाबून बसवलेलंच हवं. एका वेळी एकच केबल काढायची, बाकीच्या वाट दाखवायला जागेवर ठेवायच्या. गोळीचं टोक पुल्यांमधून जात नाही, तेव्हा एकेक पुलीचा बोल्ट काढून केबल बदलत पुढे सरकायचं. पुली हातात आलीच आहे तर बेअरिंग फिरवून पाहावं. खरखर लागली तर तीही बदलावी, बाहेरचा व्यास आणि बोल्टचं भोक जुळवून. नव्या केबलीला पुन्हा तीच ढीलची तपासणी, सर्वांत हलक्या पाटीवर वीसेक आवर्तनं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

जुनी केबल टाकताना दोन्ही कापलेली टोकं टेपने घट्ट गुंडाळावीत. नाहीतर पिशवी फाटते आणि ती उचलणाऱ्याचा हातही.